कबर्ड, वॉचमन, सोबो: इंग्रजीचे जोडशब्द आखडतात कसे आणि मग बोलायचे कसे

इंग्रजीत दोन शब्द जोडून एक शब्द केला की तो बहुतेक वेळा तसाच्या तसा राहत नाही, आखडतो. कधी एखादं अक्षर गळून जातं, कधी मागचा अर्धा भाग तोंडातल्या तोंडात विरतो, कधी दोन्ही शब्दांचे फक्त शेंडे उरतात. आणि आपली खरी अडचण इथेच होते, कारण स्पेलिंगमधे सगळं जागेवर दिसत असतं. कपबोर्ड लिहिलेलं असतं आणि समोरचा कबर्ड म्हणतो. मी लालबाग-परळ भागातल्या मराठी मीडियमच्या पोरांना संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवतो, आणि त्यांचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो की सर, लिहिलंय एक आणि बोलायचं दुसरंच, हे लक्षात ठेवायचं तरी कसं. इंग्रजी अशीच आहे, पाठ करा, हे उत्तर मला अजिबात पटत नाही. कारणं आहेत, आणि ती समजली की निम्मी भीती तिथेच जाते.

पहिली गोष्ट म्हणजे शब्द लहान व्हायचे दोन अगदी वेगळे रस्ते आहेत. एक झिजण्याचा आणि दुसरा कापण्याचा. शेकडो वर्षं लोकांच्या तोंडात राहून काही जोडशब्द झिजले, ते कुणी ठरवून लहान केले नाहीत. आणि काही शब्द लोकांनी सरळ कापले, हा तुकडा घेऊ, तो टाकू, असं करून. झिजलेल्या शब्दाचा उच्चार कानानं ठरलेला असतो, स्पेलिंग मागे राहिलेलं असतं. कापलेल्या शब्दाचं बरेचदा उलट होतं, तो कागदावर कापला जातो आणि मग जसा दिसतो तसा वाचला जातो, मूळ शब्दात तो तुकडा कसा बोलला जायचा हे कुणी बघत नाही. हा एवढा फरक डोक्यात बसला ना की पुढचं सगळं सोपं आहे.

आधी झिजलेले शब्द घेऊ, कारण मला स्वतःला तेच जास्त आवडतात.

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखंच वजन देतो. म-हा-रा-ष्ट्र, सगळं नीट ऐकू येतं. इंग्रजीत तसं नाही, तिथे शब्दातल्या एका भागावर जोर पडतो आणि बाकीचे भाग घाईघाईत उरकले जातात. आता दोन शब्द वेगवेगळे असतात तेव्हा दोघांवर जोर असतो, पण ते जोडशब्द झाले की जोर बहुतेक वेळा पहिल्यावर जातो आणि दुसरा पडतो. ब्लॅक बोर्ड म्हणजे कुठलाही काळा फळा किंवा काळी फळी, पण ब्लॅकबोर्ड, पहिल्या भागावर जोर देऊन, म्हणजे वर्गातला फळा, मग तो हिरवा का असेना. ग्रीन हाउस म्हणजे हिरवं घर आणि ग्रीनहाउस म्हणजे रोपांसाठीचं काचेचं नाहीतर प्लॅस्टिकचं घर. यात मला सगळ्यात भारी उदाहरण वाटतं ते इंग्लिश टीचरचं. इंग्लिशवर जोर दिला तर इंग्रजी शिकवणारी बाई, मग ती डोंबिवलीची असली तरी चालेल. टीचरवर जोर दिला तर इंग्लंडची बाई, मग ती गणित शिकवत असली तरी चालेल. अक्षरं तीच, फक्त जोर हलला आणि माणूस बदलला. लिहिताना मधे जागा सोडायची, आडवी रेघ द्यायची की चिकटवून लिहायचं यावर लोक खूप वाद घालतात, पण तो कागदाचा प्रश्न आहे आणि तो बदलतही राहतो, पूर्वी टुडे आणि टुमॉरोसुद्धा मधे रेघ देऊन छापायचे. शब्द खरंच एक झाला का हे जोर सांगतो.

आता जोर गेलेल्या दुसऱ्या भागाचं काय होतं बघा. त्याचा स्वर विरघळायला लागतो. आ, ॲ, ऑ असे ठसठशीत स्वर जाऊन तिथे एक साधा, तोंड फारसं न उघडता निघणारा अ येतो. इंग्रजीच्या अभ्यासात त्याला श्वा म्हणतात, पण आपल्याला नवं नाव शिकायची गरजच नाही, कारण आपला घरातला अ त्याच्या अगदी जवळ आहे. उदाहरण सोसायटीच्या गेटवर उभं आहे, वॉचमन. स्पेलिंगमधे शेवटी मॅन आहे, पण आपण मुंबईत वॉचमनच म्हणतो, आणि इंग्रजीतला उच्चारही तसाच आहे, मन, मॅन नाही. चेअरमन, पोस्टमन, बॅट्समन, हे पण बरोबर. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी हे शब्द कानानं उचलले होते, स्पेलिंग बघून नाही, म्हणून ते बरोबर आले. आजकाल शाळेत शिकलेली पोरं मुद्दाम सुधारून पोस्टमॅन म्हणतात, आणि घरी पोस्टमन म्हणणाऱ्या आजीला चुकीचं ठरवतात, याचं मला वाईट वाटतं. आजी बरोबर आहे.

पण मग सुपरमॅनला सुपरमन का नाही म्हणत? कारण तो शब्द तोंडात तेवढा झिजलेला नाही, त्यातला मॅन अजून माणूस म्हणून वेगळा ऐकू येतो. स्पायडरमॅन, बॅटमॅन, सगळे असेच, पूर्ण मॅन. कॅमेरामॅनसुद्धा. इथे मात्र आपण कॅमेरामन म्हणतो, म्हणजे वॉचमनची सवय तिकडे पण लावली. हीच गंमत देशांच्या नावात आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, यात शेवटचं लँड झिजून लंड झालंय आणि मराठीत आपण ते तसंच लिहितो, एकदम बरोबर. पण थायलंड हे नाव विसाव्या शतकातलं, १९३९ मधे सयामचं ते झालं, आणि इंग्रजीत त्याचा उच्चार टायलँड असा, लँड पूर्ण ठेवून होतो. डिस्नीलँड पण पूर्ण. यावरून एक कामचलाऊ अंदाज बांधता येतो, शब्द जितका जुना आणि जितका रोजचा तितका त्याचा दुसरा भाग जास्त झिजलेला. पक्का नियम नाही हा, पण बरेचदा उपयोगी पडतो.

स्वर विरला की पुढची पायरी, व्यंजन पण जातं. कप आणि बोर्ड घ्या. बोर्डचं झालं बर्ड, आणि मग प आणि ब शेजारी शेजारी आले, दोन्ही ओठांनीच बोलायचे, ओठ कशाला दोनदा मेहनत करतील, प गेला आणि राहिलं कबर्ड. मूळ अर्थ कप ठेवायची फळी. रास्पबेरीतला प असाच गेला. हँडकर्चिफमधला ड गेला, हँकर्चिफ. ब्रेकफास्ट हा ब्रेक आणि फास्ट, म्हणजे उपास सोडणं, पण बोलताना ब्रेक पण नाही आणि फास्ट पण नाही, ब्रेकफस्ट, आणि पहिल्या भागातला ए पण छोटा.

हा पहिल्या भागातला स्वर छोटा होणं हा वेगळाच प्रकार आहे आणि तो आपल्याला लगेच समजेल. इंग्रजीत शीप म्हणजे मेंढी, त्यात ई लांब. पण मेंढपाळ म्हणजे शेपर्ड, शीपहर्ड नाही, लांब स्वर गेला आणि ह पण गेला. क्राइस्टवरून क्रिसमस, होलीवरून हॉलिडे. आता आपल्याकडे बघा, मीठ यात ई दीर्घ, पण मुलुंड, भांडुप, वडाळ्याकडे जी आहेत ती मिठागरं, तिथे इ ऱ्हस्व. फूल दीर्घ, पण दादरला आपण जातो तो फुलबाजार. जोडशब्द लांब झाला की आतला स्वर आखूड करायचा, ही सवय दोन्हीकडे आहे. पाणी पण पाणपोई, घोडा पण घोडदौड, शेवटचा स्वर आपण टाकलाच ना. त्यामुळे इंग्रजी विचित्र भाषा आहे असं कुणी म्हटलं की मी पोरांना आधी ही मराठी यादी काढायला लावतो.

आणि शेवटची पायरी म्हणजे शब्द इतका झिजतो की तो कधी दोन शब्दांचा होता हे कुणाला माहीतच राहत नाही. लॉर्ड हा जुन्या इंग्रजीत दोन शब्दांचा होता, अर्थ पाव राखणारा. लेडी म्हणजे पावाची कणीक मळणारी. जुन्या काळी त्या शब्दांत पाव ऐकू यायचा. विंडो हा मूळ उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा शब्द, वाऱ्याचा डोळा, आणि आपलं गवाक्ष म्हणजे गाय-बैलाचा डोळा, खिडकीला डोळा म्हणायचं दोन्हीकडे सुचलं हे मला फार सुंदर वाटतं. हजबंड पण तिकडचाच, घराचा मालक, घरधनी. डेझी हे फूल म्हणजे दिवसाचा डोळा. गुडबाय तर अख्खं वाक्य होतं, देव तुमच्यासोबत असो, ते घासून घासून एवढंसं झालं. आपल्याकडे सोनार हा सुवर्णकार होता, कुंभार हा कुंभकार, देऊळ हे देवकुल. सोनार म्हणताना कुणाच्या मनात कार येतो? लॉर्ड म्हणताना पण कुणाच्या मनात पाव येत नाही, बस तेवढंच.

जहाजावरचे शब्द तर एवढे झिजलेत की स्पेलिंग बघून कुणी वाचूच शकत नाही. बोटस्वेन असं लिहितात, म्हणजे बोटीवरचा गडी, आणि म्हणतात बोसन. फोरकॅसल लिहितात, म्हणतात फोक्सल. गनवेल लिहितात, म्हणतात गनल. मर्चंट नेव्हीत असलेलं कुणी ओळखीचं असेल तर विचारा, बोसन म्हणजे कोण ते लगेच सांगेल, पण त्याचं स्पेलिंग लिहायला सांगितलं तर कदाचित थांबेल. कारण हे शब्द डेकवर ओरडून बोलायचे होते, वाऱ्यात, घाईत, तिथे स्पेलिंगला कोण विचारतो. क्रिकेटवाल्यांना इंग्लंडच्या काउंट्यांची, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांची नावं माहीत असतात, लेस्टरशर, वूस्टरशर, ग्लॉस्टरशर, स्पेलिंगमधे मधोमध आणखी अक्षरं आहेत ती कुणी बोलत नाही. आणि ग्रीनविच असं वाचावंसं वाटतं ते गाव ग्रेनिच किंवा ग्रिनिच आहे, भूगोलाच्या पुस्तकात आपण ग्रीनिच असं वाचलंय, ते ठीकच होतं.

एक मात्र आहे, झिजलेला शब्द परत भरून पण येऊ शकतो. फोरहेड, म्हणजे कपाळ, याचा जुना उच्चार फॉरिड असा होता. वेस्टकोटला वेस्किट म्हणायचे. मग शाळा वाढल्या, सगळे वाचायला लागले, आणि लोकांनी स्पेलिंग बघून पुन्हा पूर्ण उच्चार सुरू केला, आज बहुतेक इंग्रज फोरहेड आणि वेस्टकोटच म्हणतात. त्यामुळे आपण स्पेलिंगप्रमाणे बोललो म्हणजे काही तरी लाजिरवाणं केलं असं नाही, खुद्द इंग्रजांनी पण तेच केलंय. स्ट्रॉबेरीचं पण तसंच, ब्रिटिश लोक स्ट्रॉब्री म्हणतात आणि अमेरिकन लोक बेरी पूर्ण म्हणतात, महाबळेश्वरवरून येणारी आपली स्ट्रॉबेरी दोघांना समजते.

आता कापलेले शब्द. हे शहरी शब्द आहेत, आणि मुंबईला यांची फार हौस आहे.

सगळ्यात साधं कापणं म्हणजे एकच तुकडा ठेवणं. ऑम्निबस या लॅटिन शब्दाचा अर्थ सगळ्यांसाठी, त्यातली शेपटी ठेवली, बस झाली, आणि १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली बस धावली तेव्हा तो शब्द आपल्याकडे रस्त्यावर आला. टॅक्सीकॅब हा टॅक्सीमीटर आणि कॅब्रिओले या दोन लांबलचक शब्दांचे शेंडे जोडून बनवलेला जोडशब्द, भाडं मोजायचं मीटर आणि घोड्याची हलकी गाडी. नंतर तो पण अर्धा कापला, कुणी टॅक्सी म्हणतं कुणी कॅब म्हणतं, काळी-पिवळीला टॅक्सी आणि ॲपवरून बोलावली की कॅब, असा फरक मुंबईने स्वतःच केलाय.

मग येतात दोन्ही शब्दांचे पहिले तुकडे जोडून केलेले, सिटकॉम, रॉमकॉम, मोडेम, सायफाय, बायोपिक. यांचा उच्चार बघताना माझा पहिला प्रश्न असतो, हा शब्द बोलताना कापला की लिहिताना? बोलताना कापला असेल तर मूळ आवाज टिकतो आणि गरज पडली तर स्पेलिंग बदलतं. रेफ्रिजरेटरमधला मधला तुकडा कापून फ्रिज झाला, मूळ शब्दात ड नाही, पण तो न घालता लिहिलं तर लोक फ्रिग वाचतील, म्हणून स्पेलिंगमधे ड घातला. आवाज वाचवला, स्पेलिंग बदललं. मायक्रोफोनचा माइक पण तसाच, म्हणून त्याची दोन स्पेलिंगं आजही चालू आहेत.

पण लिहिताना कापला असेल तर उलट. मॉड्युलेटर आणि डीमॉड्युलेटर, दोन्हीत मॉ आहे, पण जोडून झाला मोडेम, मो. कारण एम-ओ-डी-ई-एम असं समोर दिसलं की इंग्रजी वाचणारा माणूस आपोआप मो म्हणतो. सायन्स फिक्शन याचं सायफाय, फिक्शनमधे फि आहे, फाय कुठेच नाही, पण आधी हायफाय, म्हणजे हाय फिडेलिटी, हा शब्द रुळलेला होता, त्याच्या यमकात हा पण फाय झाला. आणि वायफाय तर त्याहून पुढचा. लोक सांगतात वायरलेस फिडेलिटी, पण तसं नाही, १९९९ मधे एका ब्रँडिंग कंपनीकडून हे नाव करून घेतलं, हायफायसारखं कानाला वाटावं म्हणून, मागे पूर्ण नाव असं काही नव्हतंच. झूऑलॉजिकल गार्डनमधला तो झू मूळात झो-अ असा आहे, पण झेड-ओ-ओ असं उरलं तर कोण झो-अ म्हणणार, झालं झू.

आणि आपला घरचा शब्द, सोबो. साउथ बॉम्बे. साउथमधे साउ आहे, बॉम्बेमधे बॉ आहे, दोन्ही स्वर गायब, झाला सोबो. न्यूयॉर्कला हाउस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेकडच्या भागाला सोहो म्हणतात, तो पण असाच कापलेला, आणि तिथे पण साउथचा सो. कुलाबा, मलबार हिल, पेडर रोडकडच्या लोकांसाठी हा शब्द मुंबईत सहज वापरतात आणि कुणाला खटकत नाही, कारण कापलेला शब्द डोळ्यानं वाचला जातो हे आपल्या तोंडाला न शिकवता माहीत आहे.

बायोपिकवर थोडं थांबतो, कारण या शहरात दर थोड्या दिवसांनी कुणाच्या तरी आयुष्यावर पिक्चर येतो आणि हा शब्द निघतो. बरेच लोक, इंग्रजीत वाढलेले सुद्धा, बायॉपिक म्हणतात, जोर मधे. कारण इंग्रजीत मायॉपिक असा शब्द आहे, जवळचंच दिसणारा, त्याचं स्पेलिंग अगदी तसंच दिसतं. पण हा बायोग्राफिकल पिक्चर आहे, बायो आणि पिक, दोन तुकडे, जोर बायोवर. सांधा कुठे आहे हे माहीत असलं की जोर आपोआप जागेवर पडतो, त्यामुळे असा शब्द पहिल्यांदा दिसला की आधी तो कुठे जोडलाय ते शोधायचं.

याहून वेगळा प्रकार म्हणजे एका शब्दाचं डोकं आणि दुसऱ्याची शेपटी. स्मोक आणि फॉग, स्मॉग. आपल्या मराठी पेपरवाल्यांनी धूर आणि धुकं मिळून धुरकं केलं, आणि हिवाळ्यात सकाळी शिवडी-वडाळ्याकडे बघितलं की तो शब्द किती नेमका आहे ते कळतं. ब्रेकफास्ट आणि लंच, ब्रंच. मोटर आणि हॉटेल, मोटेल. बॉम्बे आणि हॉलिवुड, बॉलिवुड, त्याच्याही आधी कलकत्त्याच्या टॉलीगंजवरून टॉलिवुड झालेलं होतं. इथे उच्चाराचा अंदाज फार सोपा आहे, शेपटीवाला शब्द बरेचदा मालक असतो. ब्रंच हा लंचएवढाच लांब, एका झटक्यात बोलायचा. हॉटेल शब्दात इंग्रजीत जोर टेलवर आहे म्हणून मोटेलमधे पण टेलवर. बॉलिवुडचा जोर बॉवर कारण हॉलिवुडचा हॉवर. आणि ब्रिटन आणि एक्झिट मिळून झालेल्या ब्रेक्झिट या शब्दाचे दोन उच्चार का ऐकू येतात, ब्रेक्सिट आणि ब्रेग्झिट? कारण एक्झिटचेच इंग्रजीत दोन उच्चार आहेत, एक्सिट आणि एग्झिट, ज्याच्या घरी जो चालतो तो त्यानं पुढे चालवला.

राहिली आद्याक्षरं. इथे मराठी आणि इंग्रजीत एक मोठा फरक आहे आणि तो कुणी नीट सांगत नाही. आपण शब्दाचं पहिलं अक्षर घेतो आणि आपल्या अक्षराला स्वर आधीच चिकटलेला असतो. म-न-से, भा-ज-प, शे-का-प, म-टा. त्यामुळे काहीही जोडलं तरी तोंडातून निघतं, अडत नाही. इंग्रजीत पहिलं लेटर घेतात आणि लेटरला स्वर नसतो, म्हणून नशिबानं मधे स्वर आले तर शब्द होतो, नाहीतर एकेका लेटरचं नाव घेत बसावं लागतं. बेस्ट झालं, सिडको झालं, पण एमएमआरडीए, बीएमसी, जेव्हीएलआर यांचं कधीच काही होणार नाही. बेस्टचं नाव फार नीट टिकलं, टी हा आधी ट्रामवेजचा होता, ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम गेली, टी आता ट्रान्सपोर्टचा आहे, बी बॉम्बेचा होता तो बृहन्मुंबईचा झाला, लोकांच्या तोंडातलं बेस्ट मात्र जसंच्या तसं. व्हीटी स्टेशनच्या नशिबी ते नव्हतं, १९९६ मधे सीएसटी आणि २०१७ मधे सीएसएमटी, दर वेळी लेटरं वेगळी, म्हणून लोकलमधे आजही एकाच डब्यात तिन्ही नावं ऐकू येतात.

म्हाडाचं उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. एम-एच-ए-डी-ए. इंग्रजीत कुठलाही शब्द म्ह असा सुरू होत नाही, एखादा इंग्रज हे बघून अडखळेल. पण आपल्याकडे म्हण आहे, म्हैस आहे, म्हातारी आहे, आपण सरळ म्हाडा म्हटलं आणि विषय संपला. म्हणजे लेटरं इंग्रजी, पण ती शब्द म्हणून वाचता येतील की नाही हे वाचणाऱ्याची भाषा ठरवते. सीप्झ पण बघा, अंधेरीचा, सांताक्रुझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, शेवटी प आणि झ एकत्र, तरी अख्खी मुंबई सीप्झ म्हणते.

आणि शब्द झालेली आद्याक्षरं पण डोळ्यानंच वाचली जातात. स्कूबामधला यू हा अंडरवॉटरचा, तिथे अ आहे, पण कुणी स्कबा म्हणत नाही. लेझरमधला ए ॲम्प्लिफिकेशनचा, तरी ले. जेपेगमधला पी फोटोग्राफिकचा, तिथे फ आहे, तरी जेफेग कुणी म्हणत नाही. म्हणून जीआयएफवरून जो वाद चालतो ना, ग्राफिक्सचा ग आहे म्हणून गिफच म्हणायचं, तो युक्तिवाद मला पटत नाही. ज्यानं १९८७ मधे तो फॉरमॅट केला त्या स्टीव्ह विल्हाइटनं २०१३ मधे पुरस्कार घेताना सरळ सांगितलं की जिफ. लोकांनी तरीही गिफ म्हणणं सोडलं नाही, डिक्शनरीत आज दोन्ही आहेत, आणि तुम्ही कुठलंही म्हणा, फक्त मूळ शब्दात ग आहे हे कारण देऊ नका, कारण त्या हिशोबानं जेफेग म्हणावं लागेल.

लेटरं वेगवेगळी बोलायची असतात तेव्हा इंग्रजीत सगळ्यांवर सारखा जोर नसतो, शेवटच्या लेटरवर जास्त असतो, व्हीआयपीमधे पीवर, बीबीसीमधे सीवर. एवढं केलं तरी बोलणं एकदम ऐकण्यासारखं होतं.

आणि नोकरीसाठी अर्ज लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट, आधी अ येणार की ॲन येणार हे लेटर बघून ठरत नाही, आवाज ऐकून ठरतं. एफआयआर हा एफनं सुरू होतो पण तोंडातून आधी ए निघतो, म्हणून ॲन एफआयआर. ॲन एमबीए, ॲन एसएमएस, पण अ यूएस व्हिसा, कारण तिथे य ऐकू येतो. म्हणून ॲन एमएमआरडीए प्रोजेक्ट लिहायचं, आणि त्याच एम लेटरनं सुरू होणाऱ्या म्हाडाच्या घराला अ म्हाडा फ्लॅट.